सामायिक पादचारी व सायकल मार्गांची सुरक्षितता

सामायिक पादचारी व सायकल मार्ग म्हणजे मोटार वाहनांपासून वेगळा ठेवलेला आणि पायी चालणारे व सायकलस्वार या दोघांनी एकत्र वापरायचा मार्ग होय. नदीकाठ, समुद्रकिनारा, कालव्याचा काठ, उद्याने, बंद पडलेले लोहमार्ग, पूल आणि काही शहरांतील रुंद पदपथ येथे असे मार्ग आढळतात. मोटारींच्या धडकेचा धोका या मार्गांवर जवळपास नसतो. मात्र ताशी सुमारे ५ किमी वेगाने चालणारी व्यक्ती आणि ताशी १५ ते ३० किमी वेगाने जाणारी सायकल एकाच पट्ट्यावर आल्याने वेगळ्या प्रकारचा धोका निर्माण होतो. तो कमी करण्यासाठी मार्गाची पुरेशी रुंदी, मोकळे दृष्टिअंतर, दोन प्रवाहांचे विलगीकरण, वेगाचे नियमन, स्पष्ट अग्रक्रम आणि वापरकर्त्यांचा शिष्टाचार या उपायांचा अवलंब केला जातो. वर्दळ एका मर्यादेपलीकडे गेल्यावर केवळ सूचनाफलक व रंगाचे पट्टे पुरेसे ठरत नाहीत आणि दोघांना स्वतंत्र जागा द्यावी लागते, असा अनेक देशांचा अनुभव आहे.

प्रकार

सामायिक मार्गांचे ढोबळमानाने दोन प्रकार केले जातात.

अविभाजित मार्ग: संपूर्ण रुंदी दोघांनाही खुली असते. कोणी कोणत्या बाजूने जावे हे सर्वसाधारण वाहतूक संकेतावर आणि परस्परांच्या समजुतीवर अवलंबून असते.

विभाजित मार्ग: एकाच मार्गाचे रंगीत रेषा, वेगळा पृष्ठभाग, उंचवटा किंवा हिरवा पट्टा यांनी दोन भाग केलेले असतात. एक भाग चालणाऱ्यांसाठी आणि दुसरा सायकलींसाठी राखीव असतो.

जर्मनीत हा फरक फलकावरूनच कळतो. निळ्या गोल फलकावर वर पादचारी, खाली सायकल आणि मध्ये आडवी रेषा असेल तर मार्ग अविभाजित असतो. दोन्ही चित्रे शेजारी शेजारी आणि मध्ये उभी रेषा असेल तर मार्ग विभाजित असतो. मार्ग नेमका कोणत्या प्रकारचा आहे हे वापरणाऱ्याला न समजणे हे वादाचे व अपघाताचे एक नेहमीचे कारण आहे. त्यामुळे फलक केवळ मार्गाच्या आरंभी न लावता प्रत्येक प्रवेशाजवळ लावणे आवश्यक मानले जाते.

इतिहास

सायकलचा प्रसार होण्यापूर्वीच इंग्लंडमध्ये १८३५ च्या महामार्ग कायद्याने पदपथावरून गाडी हाकण्यास मनाई केली होती. १८८८ च्या स्थानिक शासन कायद्याने सायकलची गणना 'गाडी'त केली. परिणामी सायकलला रस्त्यावर हक्क मिळाला आणि पदपथ तिला बंद झाला. चालणारे व सायकलस्वार वेगळे, हे तत्त्व तेव्हापासून रूढ झाले. विसाव्या शतकात मोटारींची संख्या व वेग वाढल्यावर रस्ता सायकलस्वारांसाठी धोकादायक बनला आणि या तत्त्वाला मुरड घालावी लागली. १९६८ च्या ग्रामीण परिसर कायद्याने ब्रिटनमधील घोडेस्वारीच्या वाटा सायकलींना खुल्या केल्या, परंतु सायकलस्वाराने पादचारी व घोडेस्वार यांना वाट द्यावी अशी अट घातली. सामायिक मार्गावर अधिक दुर्बळ वापरकर्त्याला अग्रक्रम देण्याचे हे एक आरंभीचे कायदेशीर उदाहरण होय.

बंद पडलेल्या लोहमार्गांमुळे या मार्गांना मोठी चालना मिळाली. सौम्य चढ, मोजकी वळणे आणि रस्त्यांपासून अलिप्तता हे लोहमार्गांचे गुण चालणारे व सायकलस्वार या दोघांनाही सोयीचे होते. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात एलरॉय ते स्पार्टा हा मार्ग १९६७ साली खुला झाला. सिएटलमधील बर्क-गिलमन मार्ग १९७८ साली सुरू झाला. इंग्लंडमध्ये ब्रिस्टल व बाथ या शहरांना जोडणारा सुमारे २१ किमी लांबीचा मार्ग १९७९ ते १९८६ या काळात जुन्या लोहमार्गावर बांधण्यात आला. तो बांधणाऱ्या सायकलप्रेमींच्या गटातून पुढे 'सस्ट्रान्स' ही संस्था उभी राहिली आणि तिने १९९५ पासून ब्रिटनच्या राष्ट्रीय सायकल जाळ्याचे काम हाती घेतले.

जपानमध्ये रस्त्यांवरील सायकल अपघात वाढल्याने १९७० च्या दशकात ठरावीक पदपथांवर सायकलींना परवानगी देण्यात आली. १९७८ च्या कायदादुरुस्तीने ही व्यवस्था पक्की झाली. सायकलस्वाराला मोटारींपासून वाचवण्यासाठी पादचाऱ्याच्या जागेत आणल्यास धोका नाहीसा होत नाही, तर त्याचा काही भाग पादचाऱ्यावर सरकतो, हा या व्यवस्थेवरील प्रमुख आक्षेप राहिला आहे.

धोक्याचे स्वरूप

वेगातील फरक

धडकेची तीव्रता मुख्यतः वेगावर अवलंबून असते. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून ताशी ३० किमी वेगाच्या सायकलची ऊर्जा ताशी १५ किमी वेगाच्या सायकलच्या चौपट असते. थांबण्यासाठी लागणारे अंतरही वेगाने वाढते. सायकलस्वाराला प्रतिसाद देण्यास १.५ सेकंद लागतात आणि ब्रेक लावल्यावर वेग दर सेकंदाला २.५ मी. प्रति सेकंद इतका घटतो, असे धरल्यास एकूण अंतर पुढीलप्रमाणे येते:

ताशी १० किमी: सुमारे ६ मी.
ताशी २० किमी: सुमारे १४.५ मी.
ताशी ३० किमी: सुमारे २६.५ मी.

ओल्या किंवा उतरत्या पृष्ठभागावर हे अंतर आणखी वाढते. म्हणून ज्या वळणावर १० मी. पुढचेच दिसते, तेथे ताशी २० किमी वेगही असुरक्षित ठरतो.

भेटींची संख्या

दोन वापरकर्ते समोरासमोर येणे किंवा एकाने दुसऱ्याला मागे टाकणे याला वाहतूक अभियांत्रिकीत 'भेट' मानून मोजले जाते. अमेरिकेच्या संघीय महामार्ग प्रशासनाने २००६ साली प्रसिद्ध केलेली सामायिक मार्गांच्या सेवास्तराची मोजणी याच कल्पनेवर आधारलेली आहे. एका मार्गावर प्रत्येक दिशेने ताशी १०० माणसे ताशी ५ किमी वेगाने चालत असतील, तर प्रत्येक किलोमीटरमध्ये प्रत्येक दिशेचे २० पादचारी असतात. ताशी २० किमी वेगाच्या सायकलस्वाराला एक किलोमीटर जाण्यास ३ मिनिटे लागतात. तेवढ्या वेळात तो १५ जणांना मागे टाकतो आणि २५ जणांना समोरून भेटतो. अशा प्रकारे एका किलोमीटरमध्ये ४० भेटी होतात.

पादचारी दुप्पट झाले आणि सायकलस्वारही दुप्पट झाले, तर एकूण भेटी दुप्पट न होता चौपट होतात. एखादा मार्ग वर्षानुवर्षे निर्वेध चालत असताना लोकप्रिय होताच अचानक तक्रारींचा विषय का बनतो, याचे उत्तर या गणितात आहे.

अनपेक्षित हालचाल

चालणारी व्यक्ती कोणत्याही क्षणी थांबते, वळते किंवा दृश्य पाहण्यासाठी बाजूला सरकते. लहान मुले धावतात आणि कुत्र्याची दोरी मार्गावर आडवी येते. पादचाऱ्याच्या दृष्टीने ही वागणूक स्वाभाविक आहे. सायकल मात्र एका पावलात दिशा बदलू शकत नाही आणि ती जवळजवळ आवाजाविना येते. म्हणून मागून येणारी सायकल हा पादचाऱ्यांच्या भीतीचा मुख्य विषय असतो. कानात श्रवणयंत्रे घालून संगीत ऐकणारे, कमी ऐकू येणारे आणि अंध व्यक्ती यांच्या बाबतीत ही अडचण अधिक तीव्र होते.

परिणामांतील असमानता

धडकेत दोन्ही पक्षांना इजा होऊ शकते आणि सायकलस्वारही पडून गंभीर जखमी होऊ शकतो. तरीही वृद्ध पादचाऱ्यांच्या बाबतीत परिणाम विशेष गंभीर होतात, कारण साध्या पडण्यानेही खुब्याचे हाड मोडणे किंवा डोक्याला मार बसणे संभवते. दुसरा परिणाम अपघातांच्या नोंदींत दिसत नाही. भीती वाटू लागली की वृद्ध, अंध व्यक्ती आणि लहान मुलांचे पालक त्या मार्गाने जाणेच सोडतात. अशा मार्गावर अपघातांची संख्या कमी राहते, परंतु त्याचे कारण सुरक्षितता नसून सर्वाधिक जोखमीच्या लोकांची अनुपस्थिती हे असू शकते.

रचनात्मक उपाय

रुंदी

रुंदी हा सुरक्षिततेचा सर्वात प्रभावी घटक मानला जातो. शेजारी चालणाऱ्या दोघांना सुमारे १.२ मी. आणि चालत्या सायकलला तिच्या हेलकाव्यासह सुमारे १ मी. जागा लागते. मध्ये अर्धा मीटर अंतर ठेवल्यास एका सायकलने दोघांना मागे टाकण्यासाठी २.७ मी. लागतात. त्याच वेळी समोरून दुसरी सायकल आली तर गरज ४.२ मी. होते. अधिकृत मानके याच्याशी जुळणारी आहेत. अमेरिकेतील राज्य महामार्ग अधिकाऱ्यांच्या संघटनेची मार्गदर्शिका दुतर्फा सामायिक मार्गासाठी सर्वसाधारणपणे किमान १० फूट (सुमारे ३ मी.) रुंदी सुचवते. इंग्लंडच्या २०२० च्या सायकल रचना मार्गदर्शिकेनुसार ताशी ३०० पर्यंत पादचारी असलेल्या मार्गावर सायकली ताशी ३०० पर्यंत असतील तर ३ मी. आणि त्याहून अधिक असतील तर ४.५ मी. रुंदी शिफारस केलेली आहे.

कागदावरील रुंदी आणि वापरण्याजोगी रुंदी यांत फरक असतो. भिंत किंवा उंच कठडा यांना घासून कोणी सायकल चालवत नाही, म्हणून इंग्लंडच्या मानकात अशा प्रत्येक बाजूला अर्धा मीटर जादा धरला जातो. विजेचे खांब, बाके, कचराकुंड्या आणि वाढलेली झुडपे हीदेखील रुंदी खातात. झाडांची नियमित छाटणी हा म्हणूनच एक कमी खर्चाचा सुरक्षा उपाय आहे.

विलगीकरण

वर्दळ अधिक असेल तेथे दोन प्रवाह वेगळे करणे हा उपाय सर्वमान्य आहे, मात्र ते कसे करावे याबाबत मतभेद आहेत. केवळ पांढरी रेषा ओढल्यास गर्दीत ती कोणी पाळत नाही. शिवाय अरुंद मार्ग रेषेने दुभागल्यास दोघांनाही अपुरी जागा मिळते आणि 'माझ्या भागात कोणी येऊ नये' या भावनेने सायकलस्वारांचा वेग वाढू शकतो. पातळीतील फरक, उतरता काठ किंवा मधला हिरवा पट्टा यांनी केलेले विलगीकरण अधिक टिकते, पण त्यासाठी जागा लागते.

अंध व्यक्तींसाठी विलगीकरण पायाला व पांढऱ्या काठीला जाणवणारे असावे लागते. ब्रिटनमध्ये विभाजित मार्गाच्या आरंभी उठावदार पट्ट्यांच्या फरश्या बसवतात. पादचाऱ्यांच्या बाजूला हे पट्टे चालण्याच्या दिशेला आडवे, शिडीच्या पायऱ्यांसारखे असतात, तर सायकलींच्या बाजूला ते रुळांसारखे उभे असतात. दोन्ही भागांमध्ये १२ ते २० मिमी उंचीची पांढरी उठावदार रेषाही असते.

दृष्टिअंतर, पृष्ठभाग व प्रकाश

आंधळी वळणे, भुयारी मार्ग, पुलांखालच्या अरुंद जागा आणि पायऱ्यांचे तोंड ही धोक्याची ठिकाणे असतात. तेथे वळण रुंद करणे, कोपऱ्यातील अडथळे हटवणे, बहिर्वक्र आरसा लावणे किंवा सायकलवरून उतरण्याचा नियम करणे हे उपाय केले जातात. एलरॉय-स्पार्टा मार्गावरील जुन्या रेल्वे बोगद्यांत सायकल हातात धरून चालावे लागते. पृष्ठभाग समतल व न घसरणारा असावा. खड्डा चुकवण्यासाठी सायकलस्वार एकदम बाजूला वळतो आणि त्याच क्षणी शेजारच्या पादचाऱ्याला धडकू शकतो. पथदिव्यांचा प्रकाश सलग असावा, कारण आळीपाळीने येणाऱ्या उजेड-अंधारात पादचारी दिसत नाही. सायकलचा दिवा किंचित खाली झुकवलेला असावा.

अडथळे व खांब

मोटारसायकली रोखण्यासाठी मार्गाच्या तोंडाशी खांब, फिरती फाटके किंवा नागमोडी कठडे बसवले जातात. त्यांत एक मूलभूत अडचण आहे. ज्या फटीतून चाकाची खुर्ची किंवा बाबागाडी जाते, त्यातून बहुतेक मोटारसायकलीही जातात आणि ज्या फटीतून मोटारसायकल जात नाही, ती अपंग व्यक्तींनाही बंद होते. अंधारात न दिसणारा खांब सायकलस्वाराला गंभीर इजा करू शकतो. इंग्लंडचे मानक दोन खांबांमध्ये किमान १.५ मी. मोकळी जागा मागते. सस्ट्रान्सने २०१८ च्या आढाव्यात आपल्या राष्ट्रीय जाळ्यावरील सुमारे १६,००० अडथळे हटवण्याचे किंवा त्यांची पुनर्रचना करण्याचे उद्दिष्ट जाहीर केले. दुचाकींची घुसखोरी थांबवण्यासाठी अखेर देखरेख व दंड यांवरच अवलंबून राहावे लागते.

नियम व वेगमर्यादा

बहुतेक देशांत सामायिक मार्गावर पादचाऱ्याला अग्रक्रम असतो. ऑस्ट्रेलियाच्या नमुना रस्ता नियमांनुसार सायकलस्वाराने अशा मार्गावर डावीकडून जावे आणि पादचाऱ्याला वाट द्यावी. ब्रिटनच्या महामार्ग संहितेत जानेवारी २०२२ पासून रस्ता वापरणाऱ्यांची श्रेणी समाविष्ट झाली. जो अधिक इजा करू शकतो त्याची जबाबदारी अधिक, हे तिचे सूत्र आहे. त्यानुसार मोटारचालकावर सायकलस्वाराबाबत जबाबदारी येते, तशीच सायकलस्वारावर पादचाऱ्याबाबत येते. पादचाऱ्यानेही इतरांना विनाकारण अडवू नये, अशी अपेक्षा संहितेत आहे.

वेगमर्यादेबाबत सिंगापूरचे उदाहरण महत्त्वाचे आहे. तेथील सक्रिय गतिशीलता कायदा २०१७ साली संमत झाला आणि मे २०१८ मध्ये लागू झाला. सायकल व सामायिक मार्गांवर ताशी २५ किमी ही मर्यादा ठरली, तर पदपथावरील मर्यादा फेब्रुवारी २०१९ मध्ये ताशी १५ वरून १० किमीवर आणण्यात आली. सप्टेंबर २०१९ मध्ये उभ्याने चालवायच्या ई-स्कूटरशी झालेल्या टकरीत एका ज्येष्ठ सायकलस्वार महिलेचा मृत्यू झाला. त्यानंतर ५ नोव्हेंबर २०१९ पासून अशा स्कूटरींना पदपथ बंद करण्यात आले. १ जुलै २०२५ पासून सायकल मार्गाला लागून असलेले पदपथ केवळ पादचाऱ्यांसाठी राखण्याचा नियमही अमलात आला. सुमारे सात वर्षांत सिंगापूरचा प्रवास सामायिक वापराकडून विलगीकरणाकडे झाला.

वेगमर्यादेची अंमलबजावणी मात्र कठीण असते, कारण साध्या सायकलला वेगदर्शक नसतो. विजेवर चालणाऱ्या सायकलींमुळे प्रश्न अधिक गुंतागुंतीचा झाला आहे. युरोपीय संघात व भारतात २५० वॅटपर्यंतची आणि ताशी २५ किमीपर्यंतच साहाय्य करणारी विद्युत सायकल मोटार वाहन मानली जात नाही. त्यामुळे पूर्वी फक्त सराव असलेल्या सायकलस्वाराला गाठता येणारा वेग आता कोणालाही सहज गाठता येतो.

अपघाताची आर्थिक जबाबदारी हा आणखी एक पैलू आहे. जपानमधील कोबे येथे २०१३ साली जिल्हा न्यायालयाने, एका शाळकरी मुलाच्या सायकलच्या धडकेने कायमची जायबंदी झालेल्या महिलेच्या प्रकरणात त्याच्या आईला सुमारे साडेनऊ कोटी येन भरपाई देण्याचा आदेश दिला. त्यानंतर ह्योगो प्रांताने २०१५ साली सायकलस्वारांना विमा सक्तीचा केला. असा नियम करणारा तो जपानमधील पहिला प्रांत होता.

शिष्टाचार

नियमांना पूरक म्हणून अनेक संस्थांनी वापरकर्त्यांसाठी सूचना तयार केल्या आहेत. त्यांतील समान मुद्दे पुढीलप्रमाणे आहेत:

सायकलस्वाराने गर्दीत वेग चालण्याच्या वेगाइतका कमी करावा आणि गरज पडल्यास उतरावे.
मागून जाताना पुरेशा अंतरावरून सौम्यपणे घंटी वाजवावी किंवा आवाज द्यावा, मग थोडे थांबून बाजूने जावे.
घंटी ऐकून पादचारी वाट देईलच असे गृहीत धरू नये, कारण त्याला ऐकू येत नसण्याचा किंवा दिसत नसण्याचा संभव असतो.
पादचाऱ्यांनी संपूर्ण रुंदी व्यापून चालू नये आणि थांबायचे असल्यास कडेला व्हावे.
कुत्र्याची दोरी आखूड धरावी आणि लहान मुलांना कडेच्या बाजूला ठेवावे.
वेगाने जायचे किंवा सराव करायचा असल्यास सायकलस्वाराने सामायिक मार्गाऐवजी रस्ता निवडावा.

घंटीबाबतचे संकेत देशपरत्वे बदलतात. लंडनच्या कालव्यांकाठी दोनदा हलकेच घंटी वाजवण्याची मोहीम राबवली गेली. जपानमध्ये मात्र पदपथावरील पादचाऱ्यांना बाजूला सारण्यासाठी घंटी वाजवणे नियमबाह्य आहे. सायकलस्वाराने हळू जावे किंवा थांबावे, अशी तेथे अपेक्षा असते. पहिल्या पद्धतीत घंटी ही पूर्वसूचना मानली जाते, तर दुसरीत ती वाट सोडण्याचा हुकूम ठरते.

निवडक उदाहरणे

ब्रुकलिन पूल: न्यू यॉर्कमधील १८८३ साली खुल्या झालेल्या या पुलावर मोटारींच्या वरच्या पातळीवर एक विहारपथ आहे. अनेक वर्षे त्याचे केवळ रंगीत रेषेने दोन भाग केलेले होते. पर्यटकांची गर्दी वाढल्यावर ही रेषा निरर्थक ठरली. सप्टेंबर २०२१ मध्ये खालच्या रस्त्यावरील मोटारींची एक मार्गिका काढून घेऊन तेथे संरक्षित सायकल मार्ग करण्यात आला आणि विहारपथ पूर्णपणे पादचाऱ्यांना मिळाला. येथे पादचारी व सायकलस्वार यांच्यातील संघर्षाचे उत्तर मोटारींच्या जागेत सापडले.

शिकागोचा सरोवरकाठ: मिशिगन सरोवराच्या काठाने जाणाऱ्या सुमारे २९ किमी लांबीच्या मार्गावर चालणारे व सायकलस्वार यांच्यासाठी स्वतंत्र वाटा करण्याचे काम २०१८ च्या अखेरीस पूर्ण झाले.

व्हँकूव्हर: स्टॅन्ली पार्कच्या समुद्रभिंतीवरील मार्गावर सायकली केवळ घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध दिशेने चालवता येतात. त्यामुळे सायकली समोरासमोर येण्याचा प्रश्न उरत नाही.

सिडनी हार्बर पूल: पुलाच्या पूर्वेकडील बाजू पादचाऱ्यांना आणि पश्चिमेकडील बाजू सायकलस्वारांना दिलेली आहे.

भारतातील स्थिती

भारतीय रस्ते काँग्रेसने सायकल मार्गांच्या रचनेसाठी आय.आर.सी. ११ ही मार्गदर्शिका १९६२ साली प्रथम प्रसिद्ध केली आणि २०१५ साली तिची सुधारित आवृत्ती काढली. पादचारी सुविधांसाठी आय.आर.सी. १०३ ही स्वतंत्र मार्गदर्शिका असून तिच्यात पदपथाची किमान मोकळी रुंदी १.८ मी. सांगितली आहे. नियोजित शहर चंदीगडच्या रस्त्यांच्या उतरंडीत पादचारी वाटांसाठी 'व्ही-७' हा वर्ग होता आणि सायकल मार्गांसाठी 'व्ही-८' हा वर्ग नंतर जोडण्यात आला.

महाराष्ट्रात एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पुण्यात कात्रज-स्वारगेट-हडपसर या जलद बससेवा मार्गाबरोबर २००६ पासून रस्त्यालगत पदपथ व सायकल मार्ग बांधले गेले. महानगरपालिकेने २०१७ साली शहरासाठी सर्वंकष सायकल आराखडा स्वीकारला. केंद्र सरकारच्या २०२० च्या सायकल स्पर्धा-उपक्रमातही देशातील अनेक शहरांनी भाग घेतला.

परदेशी मार्गदर्शिकांत गृहीत धरलेली मोटार वाहनांपासूनची मुक्तता भारतीय शहरांत सहसा आढळत नाही. वाहतूक कोंडीत दुचाकी पदपथावर व सायकल मार्गावर येतात, वाहने तेथेच उभी केली जातात आणि दुकाने, फेरीवाले, रोहित्रे व केबलची झाकणे यांनी मार्ग खंडित होतो. खंडित मार्गावर पादचारी सायकल मार्गात उतरतो, सायकलस्वार रस्त्यावर जातो आणि दोघेही आपापली संरक्षित जागा गमावतात. रस्ता नियमांनुसार पदपथावर किंवा सायकलींसाठी राखीव मार्गावर मोटार वाहन चालवण्यास मनाई आहे, पण अंमलबजावणी अपुरी राहते. म्हणून भारतात सामायिक मार्गांच्या सुरक्षिततेचा पहिला टप्पा मार्गाची सलगता व दुचाकींपासून मुक्तता हा आहे. पादचारी व सायकल यांचे विलगीकरण त्यानंतर येते. मार्ग सर्वांसाठी सुगम ठेवण्याचे दायित्व अपंग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मुळे सार्वजनिक यंत्रणांवर आलेले आहे.

मूल्यमापन व मतभेद

सामायिक मार्ग किती सुरक्षित आहेत हे मोजणे अवघड असते. मोटार वाहनाचा संबंध नसलेल्या धडकांची पोलिसांत क्वचितच नोंद होते आणि थोडक्यात टळलेले अपघात कोठेच नोंदले जात नाहीत. व्हँकूव्हर व टोरांटो येथील ६९० जखमी सायकलस्वारांच्या अभ्यासात (२०१२) मोठ्या रस्त्यालगतच्या, पादचाऱ्यांपासूनही वेगळ्या केलेल्या सायकल मार्गांवर इजेचा धोका सर्वात कमी आढळला. सायकल सुविधा नसलेल्या व कडेला मोटारी उभ्या असणाऱ्या मोठ्या रस्त्यांच्या तुलनेत तो सुमारे एक-नवमांश होता. सामायिक मार्गांवर एवढी मोठी घट दिसली नाही.

सामायिक मार्गांच्या समर्थकांच्या मते मर्यादित निधीत व जागेत मुले, नवशिके आणि ज्येष्ठ यांना मोटारींपासून दूर सायकल चालवता येण्याचा हाच व्यवहार्य पर्याय असतो. ग्रामीण भागात व कमी वर्दळीच्या मार्गांवर त्याला फारसा विरोधही नाही. टीकाकारांच्या मते शहरांत असे मार्ग म्हणजे मोटारींची जागा कमी न करता उरलेल्या अरुंद पट्ट्यासाठी दोन दुर्बळ घटकांना एकमेकांसमोर उभे करणे होय. इंग्लंडच्या २०२० च्या मार्गदर्शिकेने सायकल हे वाहन आहे असे स्पष्ट करून शहरी रस्त्यांवर सामायिक पदपथ टाळण्याची भूमिका घेतली, तर रस्त्यांपासून दूरच्या पुरेशा रुंद मार्गांसाठी हा पर्याय खुला ठेवला.

म्हणूनच मूल्यमापनात धडकांच्या संख्येबरोबर चित्रीकरणाद्वारे टळलेल्या धडकांची गणना, प्रत्यक्ष वेगांची मोजणी आणि वापरकर्त्यांचे वय व लिंगनिहाय सर्वेक्षण करण्याची शिफारस केली जाते. मार्गावर कोण दिसत नाही याची नोंदही तितकीच आवश्यक असते. वृद्ध, अंध व्यक्ती व लहान मुले मार्ग निर्धास्तपणे वापरत असणे हे त्याच्या सुरक्षिततेचे विश्वसनीय लक्षण मानले जाते.

हे सुद्धा पहा

पदपथ
सायकल
पादचारी
वाहतूक अभियांत्रिकी
रस्ता सुरक्षा